पोटाच्या तक्रारीची दखल

सिस्टेमिक स्क्लेरोसिस या व्याधीचा विषय निघाला म्हणजे ऐकणाऱ्याची नजर प्रथम रुग्णाच्या हातांकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे; कारण ताठरलेली त्वचा आणि थंडीने पांढरी-निळी पडणारी बोटे ही कोणालाही दिसण्यासारखी लक्षणे आहेत. परंतु दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांच्या पचनमार्गावरही या व्याधीचा कमी-अधिक अंमल बसतो आणि त्यांतील पुष्कळांच्या लहान आतड्यात जीवाणूंची बेसुमार वाढ होते, हे मला फार उशिरा कळले. ज्यांना ही व्याधी आहे त्यांना ते वेळीच कळावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

जेवण अर्धे होते न होते तोच पोट नगाऱ्यासारखे फुगावे, निऱ्या सैल कराव्या लागाव्यात, शौचास पातळ, चिकट आणि पाण्यावर तरंगणारे व्हावे, आणि दुपारपर्यंत अंगातले त्राणच जावे, असा माझा नित्यक्रम होऊन बसला. उपाय सुचविणाऱ्यांचा तोटा नव्हता. वन्संनी ओवा-हिंगाची पूड धाडली, शेजारच्या काकूंनी रात्री इसबगोल घेण्याची ताकीद दिली, एका डॉक्टरांनी आमांशाची औषधे दिली, तर दुसऱ्यांनी सारा मामला ‘मनाचे खेळ’ म्हणून निकालात काढला. दरम्यान वजन उतरत होते. पण चेहरा आक्रसला तो त्वचेमुळे आणि जेवण घटले ते तोंड पुरते उघडत नाही म्हणून, असा प्रत्येक गोष्टीचा खुलासा हजर असल्यामुळे त्या घटीची कोठे नोंदच झाली नाही. अखेर रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट मात्र वाढलेले आढळले, तेव्हा संधिवाततज्ज्ञ बाईंना शंका आली. कारण आतड्यात साठलेले जीवाणू पहिले स्वतः फस्त करतात आणि दुसरे तयार करतात.

निरोगी आतड्यात दोन जेवणांच्या मधल्या काळात, साधारण दीड-दोन तासांच्या अंतराने, आकुंचनाची एक लाट वरून खाली सरकते आणि उरलेसुरले अन्न व जीवाणू पुढे लोटते. या व्याधीत आतड्याच्या मज्जातंतूंना आणि मागाहून स्नायूंनाही इजा पोहोचून ती लाट क्षीण होते. अन्न तुंबते, जीवाणू त्यातील शर्करा आंबवून वायू निर्माण करतात आणि पित्तरसात असे फेरफार करतात की स्निग्ध पदार्थ आणि त्यांच्याबरोबर अ व ड ही जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. छातीतील जळजळीवर आम्ही बहुतेकजण ज्या आम्लशामक गोळ्या घेतो, त्याही जीवाणूंना थोडी मोकळीक देतात. तथापि अन्ननलिकेच्या रक्षणासाठी त्यांची गरज असते, म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

तपासणी श्वासाची असते. उपाशीपोटी ग्लुकोजचे पाणी पिऊन ठरावीक अंतराने नळीत फुंकावयाचे, आणि दीड तासाच्या आत हायड्रोजन दशलक्षांत २० भागांनी वाढला तर निदानास पुष्टी मिळते. ताठरलेले ओठ नळीभोवती नीट मिटत नाहीत, तेव्हा ही अडचण तेथील तंत्रज्ञांच्या कानावर आधीच घालावी. आणि वातानुकूलित खोलीत बसावयाचे असल्याने हातमोजे बरोबर न्यावेत. अलीकडच्या चार आठवड्यांत प्रतिजैविके घेतली असल्यास तेही सांगावे. परीक्षा निर्दोष आली म्हणून शंका सर्वस्वी फिटते असे नाही; कित्येकदा वैद्य लक्षणांवरूनच उपचार योजतात.

उपचार म्हणजे रिफाक्झिमिनसारख्या प्रतिजैविकाचा सुमारे दोन आठवड्यांचा क्रम. माझे पोट त्याने हलके झाले, परंतु दुखणे परतलेही. कारण जीवाणू हटले तरी आतड्याची मंद गती तशीच राहते. म्हणून काही रुग्णांना औषधे आलटून-पालटून द्यावी लागतात, तर काहींना गती वाढविणारे औषध जोडावे लागते. मेट्रोनिडाझोल दीर्घकाळ चालू असताना हातापायांना मुंग्या येऊ लागल्यास त्या थंडीच्या खाती जमा न करता लगेच सांगाव्यात. मंदावलेल्या आतड्यात इसबगोलाने फुगारा वाढू शकतो आणि जुलाब थांबविणाऱ्या गोळ्यांनी तुंबा वाढतो, तेव्हा दोन्ही विचारूनच घ्यावीत. गहू, डाळी, दूध असे एकेक वर्ज्य करीत सुटणे तर आधीच खंगलेल्या देहाला परवडत नाही. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखेरीज ताटातले काही काढू नये. पोट ताणून फुगले, उलट्या सुरू झाल्या आणि वायूही सरेनासा झाला, तर घरगुती इलाज करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

माझ्या समदुःखी भगिनी-बांधवांना एवढीच विनंती आहे, की दरमहा एकाच काट्यावर वजन करून ते वहीत तारखेनिशी मांडावे, आणि संधिवाततज्ज्ञांनी बोटांची व फुप्फुसांची विचारपूस संपविली की संकोच बाजूस ठेवून ती वही त्यांच्यापुढे उघडावी. शौचाचा विषय काढण्यात लाज कसली? ती लाज धरणाऱ्या रुग्णाचे निदान लांबते आणि देह झिजतो.