गाडी पडली ती उभी असताना

कासहून परतताना पाऊस होता, धुकं होतं, वळणावळणावर समोरून जीपगाड्या येत होत्या. यवतेश्वरचा घाट प्रस्तुत लेखकाची बुलेट नीट उतरून आली. पडली ती खाली साताऱ्यात, चहाच्या टपरीसमोर, इंजिन बंद केल्यावर. उतारावर बसल्याबसल्या पायांनी गाडी मागे रेटताना ती उजवीकडे कलली आणि त्याच बाजूच्या गुडघ्याने दगा दिला. १९५ किलोचं धूड पायावर आलं. लेगगार्ड होता म्हणून घोटा चिरडला नाही, हाडाला तडा जाण्यावर निभावलं. तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजली.

तेव्हा वय ६३ होतं आणि कंबर सहा वर्षांपासून दुखत होती. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. उजव्या पायात कळ यायची, तळव्याला मुंग्या. घरी यातलं निम्मंच सांगितलेलं, कारण पूर्ण सांगितलं तर किल्ली जाईल ही भीती.

दुखणं अंगवळणी पडतं, आणि चूक तिथेच झाली. कळ सोसता येते म्हणजे गाडी चालवता येते, असा हिशेब लेखकाने धरला होता. पण हल्लीच्या मोटारसायकलींचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. तळवा बधिर असेल तर पाय ब्रेकवर आहे की नाही, किती दाबला आहे, हे कळतच नाही. सोसण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी चूक गोळीची. नसांच्या दुखण्यावर प्रीगाबालिन, गाबापेंटिनसारखी औषधं देतात. त्यांनी गुंगी येते, चक्कर येते, कधी नजर अंधुक होते. ट्रामाडोलनेही झोप येते. लेखकाची मात्रा नुकतीच वाढवली होती आणि गाडी चालवू का, हे त्याने डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. औषध नवं असेल किंवा मात्रा बदलली असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीला हात लावू नये.

मग गाडी सोडायची का? नाही. टेड सायमन या इंग्रज पत्रकाराने १९७३ ते १९७७ अशी चार वर्षं ट्रायम्फवरून जगप्रदक्षिणा केली, आणि २००१ मध्ये, ६९ व्या वर्षी, तोच प्रवास पुन्हा सुरू केला. वाटेत केनियात पाय मोडला. बरा झाल्यावर ते पुढे निघाले. बरं होईपर्यंत ते थांबले, हे त्यातलं शिकण्यासारखं.

बदलावं लागतं ते वजन. १२५ सीसीच्या बऱ्याच मोटारसायकली १२० किलोंच्या आसपास असतात. कलली तरी सावरता येते. स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात, गिअर नाही, म्हणून पायाच्या दुखण्याला ती सोयीची. मात्र तिची चाकं लहान, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट कमरेत बसतो. कंबर की पाय, जास्त काय दुखतं त्यावर निवड करावी. गतिरोधकावर फूटरेस्टवर भार देऊन किंचित उठावं. पाठीवर सॅक नको. दर पाऊण तासाने उतरून चालावं. उतारावर तोंड करून गाडी लावू नये. मागे घ्यायची वेळ आलीच तर सरळ कोणाला तरी हात लावायला सांगावं. त्यात कमीपणा नाही.

आणि लायसन्स. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं. तो दाखला न तपासता सहीपुरता घेणारे पुष्कळ आहेत. लेखकानेही एकदा तसाच घेतला होता. तसं करू नका. डॉक्टरांसमोर बसा, मुंग्या कुठे येतात ते सांगा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवा आणि पायातली ताकद तपासून घ्या. पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहू नका, या महिन्यातच जा.