अनेक संगणक, एक तिजोरी : घरच्या घरी फाइल सर्व्हर

मालेगाव-भिवंडीकडे खाली कारखाना आणि वर घर अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी दिसते. अशा घरात आता तीन-चार संगणक सहज असतात. गल्ल्यावर बिलांचा व टॅलीचा एक, आत एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचा दुसरा, वर मुलांच्या अभ्यासाचा तिसरा. हार्ड डिस्क बिघडली तर नवी मिळेल. परंतु पंधरा वर्षे जमवलेली डिझाइने आणि गिऱ्हाइकांच्या उधारीचा हिशेब बाजारात मिळत नाही. त्यातच जी.एस.टी. कायद्यानुसार हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागते. संगणक बिघडला हे कारण तेथे चालत नाही.

आपल्याकडे रीत अशी की, आठवण झाली की पेनड्राइव्हवर नक्कल काढायची. सणासुदीच्या धांदलीत नेमकी तीच आठवण राहत नाही, आणि डिस्क काही आपली सवड पाहून बिघडत नाही. म्हणून नक्कल काढण्याचे काम माणसाच्या आठवणीवर न सोडता एका वेगळ्या यंत्राकडे सोपवावे असे आम्ही सुचवितो. ह्या यंत्रालाच फाइल सर्व्हर म्हणतात. नाव मोठे असले तरी वस्तू साधीच आहे : घरातील सर्व संगणकांना तारेने जोडलेला, मोठी डिस्क असलेला आणखी एक संगणक.

त्यासाठी माळ्यावर पडलेला जुना संगणक चालतो. विजेचा हिशेब मात्र आधी करावा. ६० वॅटचा संगणक दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज खातो. रोज रात्री दोनच तास चालवला तर साडेतीन युनिटांत काम भागते. ठरल्या वेळी आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक संगणकांच्या बायोसमध्ये असते. आमचे मत दोन तासांच्या बाजूने आहे, कारण जे यंत्र बंद आहे त्याला व्हायरसही गाठू शकत नाही. जुन्या संगणकाची डिस्क मात्र जुनी वापरू नये, नवीच घालावी. यू.पी.एस. हवाच.

सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. डेबियन लिनक्स व त्यावर चालणारे ओपनमीडियाव्हॉल्ट दोन्ही मोफत मिळतात. लिनक्स आणि विंडोज यांची बोलणी घडवून आणणारी सांबा ही प्रणाली ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी लिहायला घेतली. नकला काढण्यासाठी जी आरसिंक प्रणाली आपण वापरणार आहोत, तिच्या कर्त्यांतही तेच आहेत.

जोडणी वायफायने न करता तारेने करावी, आणि मधला स्विच गिगाबिटचा घ्यावा. जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचमधून ५०० जीबीची पहिली नक्कल जायला १२ तासांहून अधिक लागतात. गिगाबिटवर तेच काम दीड-दोन तासांत होऊ शकते. बारीक फाइली फार असतील तर वेळ वाढतो. पहिल्या रात्रीनंतर फक्त बदललेल्या फाइली जातात, त्यामुळे काही मिनिटे पुरतात.

आता मुख्य मुद्दा. कित्येक जण सर्व्हरवर एक फोल्डर उघडे ठेवतात आणि प्रत्येक संगणक आपली नक्कल त्यात टाकतो. हे सोयीचे दिसते, पण धोक्याचे आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस नेटवर्कमार्गे जगभर पसरला. तो फाइलींना कुलूप लावून खंडणी मागत असे. असा व्हायरस गल्ल्यावरच्या संगणकात शिरला, तर त्या संगणकाला जेथे लिहिण्याची मुभा आहे तेथील नकलाही तो बिघडवतो. म्हणून दिशा उलटी ठेवावी. संगणकांनी सर्व्हरवर काही टाकू नये. सर्व्हरने रात्री येऊन त्यांच्याकडून फाइली वाचून न्याव्यात. नकलांच्या जागेचा पासवर्ड इतर कोणत्याही संगणकात असता कामा नये.

तसेच रोजची नक्कल कालच्या नकलेवर चढवू नये. नाहीतर कारागिराने चुकून पुसलेले डिझाइन रात्री नकलेतूनही पुसले जाईल. आरसिंकमध्ये तारीखवार फोल्डर करण्याची सोय आहे. त्यात न बदललेल्या फाइली पुन्हा जागा खात नाहीत. तीस दिवसांच्या नकला आणि त्यामागे दर महिन्याची एक इतक्या ठेवल्या तर बहुतेकांना पुरे. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणाऱ्या रेडला काही विक्रेते बॅकअप म्हणून खपवतात. तो बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर काम थांबत नाही एवढेच, पुसलेली फाइल दोन्हींकडून एकदमच जाते.

दुकान वाढवताना टॅलीतून बाहेर पडण्याची शिस्त मात्र माणसांनीच पाळायची आहे. उघड्या हिशेबाची नक्कल अर्धवट निघू शकते.

सर्व्हर इंटरनेटवरून उघडण्याचा मोह टाळावा. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटला थेट जोडलेले क्यूनॅप कंपनीचे हजारो सर्व्हर कुलूपबंद केले होते.

सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नये, हे कोकणातील वाचकांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा संगणक काय आणि वह्या काय, एकाच पाण्यात गेल्या. पण वरच्या मजल्यालाही आग आणि चोरी चुकत नाही. म्हणून एक बाहेरची डिस्क वेगळी ठेवावी. शुक्रवारी कारखाना बंद असतो, त्या दिवशी सर्व्हरवरील नकला तिच्यावर उतरवाव्यात आणि ती डिस्क भावाच्या किंवा विश्वासू नातलगाच्या घरी ठेवावी. डिस्कवर पासवर्डाचे कुलूप असावे, कारण त्यात गिऱ्हाइकांचाही हिशेब आहे. तो पासवर्ड कागदावर लिहून घरातील आणखी एका जबाबदार माणसाजवळ द्यावा.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या संगणक क्षेत्रातील कंपनीत चुकून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. नकला काढण्याच्या अनेक व्यवस्था होत्या, पण गरज पडली तेव्हा नेहमीची नक्कल निघतच नव्हती असे आढळले. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. तेव्हा महिन्यातून एकदा नकलेतून टॅलीचा हिशेब दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडावा, कालची शेवटची बिले जुळवून पाहावीत, आणि एखादे जुने डिझाइन मशीनवर चढवून चार टाके घालून बघावेत.