जेसीबी की पोकलेन?

प्रश्न : मुलाला यंत्रचालक व्हायचे आहे. जुन्या ऑपरेटरांना कोणते यंत्र सर्वांत आवडते? शिकायला सुरुवात कशावर करावी? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : आवड कामावर ठरते. नाशिक परिसरात शेततळे, विहीर, पाइपलाइनचा चर अशी छोटी कामे रोज निघतात. तिथे जेसीबीला तोड नाही. पुढे लोडर, मागे खोदणारा हात आणि चाकांवर थेट रस्त्याने एका गावाहून दुसऱ्या गावी! भारतात ही यंत्रे १९७९पासून बनतात.

मोठ्या खोदाईत मुरलेल्यांचा जीव मात्र पोकलेनमध्ये रमतो. कॅबिन पूर्ण गोल फिरते. दोन जॉयस्टिकवर बूम, आर्म, बकेट आणि कॅबिनचे फिरणे एकाच वेळी साधले की कामाला लय येते. चेनवर चालत असल्याने लांब न्यायला ट्रेलर लागतो, एवढीच अडचण.

हाताची खरी परीक्षा ग्रेडरवर. रस्त्याचा उतार पात्याने अचूक काढावा लागतो.

मुलाने आधी जेसीबी शिकावा. योग्य परवाना आणि ‘इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल’चे प्रमाणपत्र घ्यावे. बकेट फिरते तिथे माणूस उभा नाही, हे पाहूनच लिव्हरला हात लावण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.