मनोरीहून दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात: पैसे कुठे जातात, कुठे वाचतात

मुलाला थॅलेसेमिया मेजर असल्याचं निदान झालं असेल, तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागणार, हे धरूनच घराची आखणी करा. मनोरीकरांना त्यासाठी परळ गाठायची गरज नाही. मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया, बाल रक्तविकार-कर्करोग आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र बोरिवली पूर्वेलाच आहे. तिथे रक्त चढवतात, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर उपचार होतात आणि प्रत्यारोपणही होतं. ‘मोठ्या रुग्णालयात न्या’ असं कुणी सांगितलं, तरी आधी इथे नाव नोंदवा. वर्षाला पंधरा-वीस फेऱ्या असतील, तेव्हा रुग्णालय जवळ असणं हीच मोठी बचत आहे.

आधी प्रवासाचं बघू, कारण रोख पैसा तिथेच गळतो. तरीने मार्वेला उतरा, तिथून बेस्टच्या २७२ क्रमांकाच्या बसने मालाड स्टेशन, मग लोकलने दोन स्टेशनं. मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसला ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये आणि १० किलोमीटरपर्यंत १५ रुपये पडतात. वातानुकूलित बसला हेच १२ आणि २० रुपये. मालाड-बोरिवली लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५ रुपये. बोरिवली पूर्वेला उतरून रिक्षा केलीत, तर मीटर २६ रुपयांपासून सुरू होतो. म्हणजे साध्या बसने गेलात, तर मार्वेपासून केंद्रापर्यंत मोठ्या माणसामागे साधारण ५० रुपयांत काम होतं. मार्वेलाच रिक्षात बसलात, तर मालाड स्टेशनपर्यंतच्या सहा-सात किलोमीटरचे मीटरने १०५ ते १२० रुपये होतात. मीटर टाकायला सांगा. हातात फाइल आणि कडेवर आजारी मूल दिसलं की ‘दोनशे द्या’ म्हणणारे भेटतात.

सकाळी बसने जा, संध्याकाळी रिक्षाने या. रक्त चढवलेलं मूल पेंगत असतं, गर्दीच्या वेळी त्याला बसमध्ये उभं करू नका. रिक्षाचा हा खर्च वाचवण्यासारखा नाही. गोराईमार्गे जाणार असाल, तर गोराईच्या तरीने बोरिवलीच्या बाजूला उतरून बसने स्टेशन पश्चिमेला पोहोचता येतं. पण मनोरी ते गोराईचा टप्पा आणि पश्चिमेहून पूर्वेला जाणं, यात वेळ जातो. तुमचं घर गोराईच्या अंगाला असेल तरच हा रस्ता परवडतो.

जून ते सप्टेंबरमध्ये वाऱ्या-पावसात तर बंद राहू शकते. त्या दिवसांत रक्ताची तारीख शक्यतो दोन दिवस अलीकडची मागा. हिमोग्लोबिन उतरलं की मूल पायऱ्या चढताना धापा टाकतं, जेवण टाकतं, चिडचिड करतं. तर सुरू होण्याची वाट बघत ते दिवस काढणं त्याच्या अंगावर येतं.

खर्चाचा दुसरा मोठा भाग म्हणजे दोनदा मारावी लागणारी फेरी. रक्त चढवण्याआधी क्रॉसमॅचसाठी, म्हणजे पिशवीतलं रक्त मुलाला जुळतं का हे बघण्यासाठी, मुलाच्या रक्ताचा नमुना द्यावा लागतो. काही ठिकाणी तो आदल्या दिवशी घेतात. पहिल्याच भेटीत नर्सला विचारा: नमुना आणि रक्त एकाच दिवशी होईल का, किती वाजेपर्यंत पोहोचायचं, एक पिशवी लागेल की दोन? एका पिशवीला साधारण तीन-चार तास लागतात. पहिल्या तरीने निघालात तर संध्याकाळपर्यंत घरी पोहोचता येतं. दहाची तर धरलीत, तर दिवस संपतो आणि वर मुक्कामाची टांगती तलवार.

आता रक्ताचं. नीट वाचा, कारण इथे पालकांकडून नको ते पैसे घेतले जातात.

रक्त विकत मिळत नाही. रक्तकेंद्राला फक्त प्रक्रियेचं शुल्क घेता येतं. तांबड्या पेशींच्या पिशवीला सरकारी केंद्रात १,१०० आणि खासगीत १,५५० रुपये अशी राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा आहे. पण थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल अशा वारंवार रक्त लागणाऱ्या रुग्णांना हे शुल्कही लागत नाही. बदली रक्तदाता आणा, असा आग्रहही तुमच्याकडे धरता येत नाही. त्यासाठी मुलाचं थॅलेसेमिया ओळखपत्र जवळ हवं. निदान झाल्याबरोबर उपचार करणाऱ्या रुग्णालयातून ते करून घ्या. मूळ कार्ड घरी ठेवा, प्रत फाइलमध्ये, फोटो आई-वडील दोघांच्या मोबाइलमध्ये.

खासगी केंद्राचं बिल हातात आलं, तर एकेक ओळ वाचा. ‘प्रोसेसिंग’ समोर आकडा असेल, तर कार्ड दाखवा आणि तो काढायला सांगा. खाली ‘नॅट’ लिहिलेलं असेल. ही जंतुसंसर्गाची जास्तीची तपासणी आहे आणि तिचे पैसे वेगळे लावतात. ‘फिल्टर’ म्हणजे पांढऱ्या पेशी गाळण्याची वेगळी गाळणी. ती मुलाच्या भल्याची आहे, ती नको म्हणू नका. पण रुग्णालयाकडून मिळते का, हे आधी विचारा आणि मगच बाहेरून आणा. ‘सर्व्हिस चार्ज’, ‘अर्जंट चार्ज’ अशा ओळींचा खुलासा लेखी मागा. पावती न देता कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. तक्रार राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे करता येते.

औषधांत लक्ष ठेवायचं ते शरीरात साठणारं लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्यांवर. डेफेरासिरॉक्स दोन प्रकारांत मिळतं, पाण्यात विरघळवून द्यायची गोळी आणि थेट गिळायची गोळी. दोन्हींची मात्रा वेगळी असते. दुकानदाराने ‘ही नाही, ती घ्या, सारखीच आहे’ म्हटलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. रुग्णालयात गोळ्या मिळत असतील, तर पुढच्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या मोजून घ्या. बाहेरून घ्यावं लागलं, तर डॉक्टरांना चिठ्ठीवर जेनेरिक नाव लिहायला सांगा आणि दोन दुकानांत भाव विचारा. साठलेलं लोह दाखवणारी फेरिटिनची तपासणी साधारण दर तीन महिन्यांनी करावी लागते. ती रुग्णालयात होत असताना बाहेरच्या लॅबची चिठ्ठी मिळाली, तर कारण विचारा. लोहाचं टॉनिक मात्र मनाने देऊ नका, शेजारच्या काकूंनी कितीही प्रेमाने आणून दिलं तरी.

कागदपत्रं पहिल्या महिन्यातच पूर्ण करा. ऐन दाखल करायच्या वेळी धावाधाव केलीत की दलाल गाठतो.

सगळ्यात आधी रेशनकार्ड. त्यावर मुलाचं नाव आहे का, ते बघा. अनेक घरांत धाकट्याचं नाव चढवायचं राहून जातं आणि तेच नेमकं खिडकीवर अडतं. शिधावाटप कार्यालयात जन्मदाखला देऊन नाव चढवून घ्या. मुलाचं आधार असेल, तर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे नोंदवावे लागतात. पाच ते सात या वयात ते मोफत होतं.

दुसरा कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. मनोरी बोरिवली तालुक्यात येते. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करा, मुदत १५ दिवसांची आहे. ‘पाचशेचा स्टॅम्प पेपर लागेल’ असं कुणी म्हटलं, तर नाही म्हणा. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क सरकारने मार्च २०२५ मध्ये माफ केलं आहे. दाखला सहसा ३१ मार्चपर्यंत चालतो, म्हणून एप्रिलमध्ये नवा काढून ठेवा.

याच कागदांवर तीन दारं उघडतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातली सगळी रेशनकार्डधारक कुटुंबं आली आहेत, पांढरं कार्डसुद्धा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ठरलेल्या उपचारांना आणि यादीतल्याच रुग्णालयात. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. आधी बिल भरून मागून पैसे परत, असा प्रकार या योजनेत नाही. ‘आत्ता भरा, नंतर योजनेतून मिळतील’ असं कुणी म्हटलं, तर सही करू नका.

दुसरं दार मुख्यमंत्री सहायता निधीचं. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं. सोबत डॉक्टरांनी सही-शिक्क्यासह दिलेला खर्चाचा अंदाज, तपासण्यांचे कागद, रेशनकार्ड आणि लहान मूल असेल तर आईचं आधार जोडा. मूल दाखल असेल, तर जिओ-टॅग फोटोही लागतो. पैसे रुग्णालयाच्या खात्यावर जातात, तुमच्या नाही. अर्ज करायला पैसे लागत नाहीत.

तिसरं दार धर्मादाय रुग्णालयांचं. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तिथे बिलिंग काउंटरवर नव्हे, वैद्यकीय समाजसेवकाकडे जा. तातडीच्या वेळी अनामत रकमेसाठी रुग्णाला अडवता येत नाही.

नोकरीत पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआयसी कापलं जात असेल, तर मूलही त्यात येतं. कित्येक वडिलांना हे ठाऊक नसतं. थॅलेसेमिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, म्हणून यूडीआयडी कार्डासाठीही अर्ज करा, तो मोफत आहे. प्राप्तिकर भरत असाल आणि जुनी करप्रणाली घेतली असेल, तर मुलाच्या उपचारखर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

प्रत्यारोपणाचं विचारून ठेवा, लहानपणीच. सख्ख्या भावंडाशी एचएलए जुळण्याची शक्यता चारात एक असते. जुळलं, तर कोल इंडियाच्या मदतीने चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून निवडक रुग्णालयांत १० लाखांपर्यंत मदत मिळते. आई पुन्हा गरोदर असेल, तर दहाव्या आठवड्याच्या आत डॉक्टरांना सांगा. म्हणजे गर्भाला थॅलेसेमिया आहे का, याची तपासणी वेळेत ठरवता येते.

घरचा बुडणारा रोज कुठल्याच पावतीवर येत नाही, पण सगळ्यात जड तोच. प्रत्येक वेळी आई-वडील दोघांनी जायची गरज नसते. आई मासळीला जात असेल, तर तिचा बाजाराचा दिवस सोडून वार ठरवून मागा आणि तोच कायम ठेवा. वार ठरला की आत्याला, शेजारणीला, धाकट्याच्या बालवाडीला आधी सांगता येतं. मागे राहणाऱ्या भावंडाला त्या दिवशी कोण जेवू घालणार, शाळेतून कोण आणणार, हे नावानिशी ठरवा. शाळेत दर वेळी रजेचा अर्ज देण्यापेक्षा जूनमध्येच रुग्णालयाचं एक पत्र द्या. परीक्षेचं वेळापत्रक हाती आलं, की रक्ताची तारीख तिच्या दोन-तीन दिवस आधी येईल असं बघा. रक्त चढल्यानंतर मूल तरतरीत असतं, तारखेच्या आदल्या आठवड्यात मलूल.

मुलाला रक्ताचा कर्करोग असेल आणि टाटा रुग्णालयात जायचं असेल, तर दोन गोष्टी. नोंदणी करताना ‘जनरल की प्रायव्हेट’ विचारतात. लवकर नंबर लागेल म्हणून प्रायव्हेट म्हणू नका, पुढचा सगळा खर्च त्यानेच ठरतो. आणि रिक्षा माहीमच्या पुढे शहरात जात नाही. मालाडहून लोकलने दादर किंवा प्रभादेवी गाठणंच स्वस्त. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना जागा राखीव असते, रुग्णालयाचा दाखला जवळ ठेवा.

शेवटी रात्रीचं. केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा प्लीहा काढलेल्या मुलाला १००.४ अंशांवर ताप आला, की सकाळच्या तरीची वाट बघायची नाही. लोह बाहेर काढण्यासाठी डेफेरिप्रोन घेणाऱ्या मुलालाही हेच लागू. रात्री तर नसते, रस्ता उत्तन-भाईंदरमार्गे आहे. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत असते, चालकाला काही द्यावं लागत नाही. या रस्त्यावरचं जवळचं सरकारी रुग्णालय भाईंदर पश्चिमेचं भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, म्हणजे टेंभा. तिथे प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन द्यायला सांगा, मुलाची फाइल दाखवा आणि नेहमीच्या डॉक्टरांशी बोलणं करून द्या. गावात गाडी असलेल्या दोन घरांशी आजच बोलून ठेवा आणि त्यांचे नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.