आतड्यातील जंतू आणि कर्करोगाचे बीज

मोठ्या आतड्याचा कर्करोग म्हटला की आपले लक्ष प्रथम जेवणाच्या ताटाकडे जाते, आणि ते योग्यही आहे. खारवून, धुरावून टिकविलेले मांस या रोगास कारणीभूत होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली दिला. परंतु विष नेहमी बाहेरूनच येते असे नाही. ते आतड्यातही तयार होते, आणि तयार करणारा तेथलाच जुना बिऱ्हाडकरू असतो.

तो म्हणजे ‘ई. कोलाय’ हा जंतू. एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून त्याचे वर्णन केले. एरवी तो निरुपद्रवी असतो. पण त्याचे काही प्रकार कोलिबॅक्टिन नावाचे विष बनवितात, हे फ्रान्स व जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखविले.

पेशीतील डीएनए ही दोन पदरांची पिळलेली दोरी समजा. कोलिबॅक्टिन हे पदर एकमेकांस जखडून टाकते. पेशी दुभंगताना पदर सुटे व्हावे लागतात. जखडलेले पदर तुटतात, पेशी डागडुजी करते आणि त्या डागडुजीत चुका राहतात. ह्या चुकांची ठेवण ठराविक असते. उट्रेख्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी आतड्याच्या सूक्ष्म गोळ्यांत हा जंतू पाच महिने वारंवार सोडून ती ठेवण निश्चित केली, आणि काही रुग्णांच्या गाठींतही तीच सापडली (२०२०). अक्षरावरून लिहिणारा ओळखावा, तसेच हे.

पुढे २०२५ साली अकरा देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. चाळिशीच्या आत रोग झालेल्यांत ही खूण सत्तरीपुढील रुग्णांच्या ३.३ पट आढळली, आणि ह्या चुका बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच घडल्या असाव्यात, असा अंदाज निघाला. बाळपणी पेरलेले तारुण्यात उगवते ते असे!

मात्र हा जंतू कित्येक निरोगी माणसांच्या पोटातही असतो; म्हणून घाबरून मनानेच जंतुनाशक गोळ्या घेणे हा निव्वळ अविचार होय.

आपल्याकडे शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध ठरवून घरगुती औषध सुरू होते. रुग्ण तिशी-पस्तिशीचा असला तर कर्करोगाची शंकाही कोणास येत नाही, आणि महिने निघून जातात. असे रक्त, किंवा काही आठवडे बदललेली शौचाची सवय, डॉक्टरांस सांगावी. दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहता येते, आणि कर्करोगापूर्वीची मोडासारखी वाढ दिसल्यास ती बहुधा त्याच वेळी काढूनही टाकता येते.