बागेतील तळे आणि रानबदकाची पिले

इंग्लंडात पुष्कळ घरांच्या पाठीमागे लहानशी बाग असते, आणि त्यांपैकी कित्येक बागांत एखादे तळेही असते. तळे म्हटले तरी ते फार मोठे नसते. पाचसहा पावलांत त्याचा काठ संपतो. मार्च महिन्यात, थंडी सरत आली असता, एखाद्या सकाळी या पाण्यावर रानबदकांचे जोडपे उतरलेले दिसते. नराचे डोके गर्द हिरवे व चकाकणारे, गळ्याभोवती पांढरे कडे आणि छाती तांबूस पिंगट असते. मादी सर्वांगी तपकिरी आणि काळपट ठिपक्यांची असते. इंग्रजीत या जातीस मॅलार्ड म्हणतात, हिंदीत नीलसर. हिवाळ्यात ही बदके उत्तर भारतातही पाहुणी म्हणून येतात आणि काश्मिरातील सरोवरांवर त्यांपैकी थोडी अंडीही घालतात. आपल्याकडील पाळीव बदकांपैकी बहुतेकांचा मूळ पूर्वजही हाच पक्षी होय. जातीला नाव मिळाले ते नराच्या डोक्यावरून. संसाराचा सर्व भार मात्र त्या साध्या, ठिपकेदार मादीवर असतो, हे पुढे दिसून येईल.

घरटे ती जमिनीवर करते. दाट झुडपाखाली, उंच गवतात, कुंपणाच्या मुळाशी, क्वचित् एखाद्या मोठ्या कुंडीतही ती जागा पसंत करते. घरटे पाण्याच्या काठाशीच असेल असे नाही. ते बरेच दूरही असू शकते. दररोज साधारणतः एक याप्रमाणे आठ ते तेरा फिकट हिरवट अंडी ती घालते. या काळात ती घरट्यावर बसून राहत नाही, अंडी झाकून निघून जाते. शेवटचे अंडे घातले गेले म्हणजेच ती खरी उबवावयास बसते. पहिले अंडे शेवटच्या अंड्यापेक्षा दहाबारा दिवसांनी जुने असूनही सगळी पिले जवळजवळ एकाच दिवशी बाहेर पडतात, त्याचे मुख्य कारण हेच. स्वतःच्या छातीची मऊ लव उपटून ती घरट्यास अस्तर करते, आणि चारा शोधण्यासाठी थोडा वेळ उठावे लागले तर तीच लव अंड्यांवर पांघरून जाते. उबविण्यास सुमारे 28 दिवस लागतात. हे दिवस चालू असतानाच नर तिला सोडून जातो. तो इतर नरांच्या थव्यात मिसळतो आणि त्याची हिरवी पिसे गळून पडू लागतात.

चिमणी किंवा कावळा यांचे घरटे ज्याने पाहिले आहे त्याला पिलांचे संगोपन म्हणजे भरविणे असेच वाटते. आईबाप दिवसभर किडे आणतात आणि पिले आ वासून ते गिळतात. बदकाच्या बाबतीत मात्र असे काही घडत नाही. बदकीण आपल्या पिलांना एकही घास भरवीत नाही. तिची पिले डोळे उघडलेली, अंगावर पिवळी-तपकिरी लव असलेली व पायांवर उभी राहू शकणारी अशीच जन्मतात. त्यांचे वजन त्या वेळी 30 ते 35 ग्रॅम असते, आणि शरीरात शिल्लक राहिलेल्या बलकावर पहिला एखादा दिवस ती अन्नावाचून काढू शकतात. पुढचा प्रत्येक घास त्यांनी स्वतः टिपावयाचा असतो. मग आईचे काम ते कोणते? ती त्यांना वाट दाखविते, ऊब देते आणि धोक्याची सूचना देते. परंतु यांपैकी कोणतीही गोष्ट साधावयाची तर पिलाने तिच्यापाशीच राहिले पाहिजे. दहाबारा चिमुकल्या जिवांना कोणी दोरीने बांधून ठेवलेले नसते. तेव्हा ही दोरी कशाची असते, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

तिचा पहिला पीळ कवचाच्या आतच पडतो. बाहेर येण्यापूर्वी एकदोन दिवस पिले अंड्यातूनच बारीक आवाज काढू लागतात, आणि घरट्यावर बसलेली मादी त्यांना हलक्या स्वरात उत्तर देते. गिल्बर्ट गॉटलिब या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1960 नंतरच्या दोन दशकांत या आवाजांचा फार चिकाटीने अभ्यास केला. पिलांना गोळा करण्यासाठी मॅलार्डची मादी जी साद घालते तिच्यात एका सेकंदास सुमारे चार स्वर असतात. कृत्रिम रीतीने उबविलेल्या आणि आईचा आवाज कधीही न ऐकलेल्या पिलांसमोर ही साद व कोंबडीची साद अशा दोन्ही वाजविल्या, तर पिले बदकिणीच्या सादेकडेच धावत. हे ज्ञान उपजतच असावे असे यावरून कोणालाही वाटेल. पण गॉटलिबने काही पिलांचा आवाज अंड्यात असतानाच बंद केला आणि त्यांना भावंडांपासूनही वेगळे ठेवले. तेव्हा त्या पिलांना बदकीण कोणती व कोंबडी कोणती हे नीट ओळखता येईना. आईचा आवाज ओळखण्याची तयारी पिलू स्वतःचा व भावंडांचा आवाज ऐकून करीत असते, असा याचा अर्थ होतो. 'उपजत' हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो, हे या प्रयोगावरून ध्यानात यावे.

दुसरा पीळ पडतो तो जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी. ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीकाठी आल्टेनबर्ग येथे कोनराड लोरेन्त्स यांनी आपल्या घरी व बागेत कितीतरी पक्षी मोकळे वाढविले. राजहंसाच्या कुळातील रानहंसांची नुकतीच जन्मलेली पिले प्रथम जे दिसेल त्याच्याच मागे लागतात, हे त्यांना ठाऊक होते. मॅलार्डची पिले मात्र त्यांना पाहून पळ काढीत. येथे रूपापेक्षा आवाजाचे महत्त्व अधिक असावे, असा तर्क त्यांनी केला. मग ते मॅलार्डच्या मादीसारखा आवाज सतत काढीत, ओणवे होऊन गवतातून सरपटू लागले, आणि पिले मुकाट्याने त्यांच्या मागे निघाली. आवाज क्षणभर थांबला की पिले रडू लागत. लोरेन्त्स ताठ उभे राहिले तरीही तेच. गवत उंच असल्यामुळे कुंपणापलीकडच्या लोकांना पिले दिसत नसत. त्यांना दिसे तो एक दाढीवाला गृहस्थ, 'क्वॅक क्वॅक' असे ओरडत रांगणारा! ही हकीकत त्यांनी 1949 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मोठ्या मौजेने सांगितली आहे. पिलाच्या मनावर असा जो ठसा उमटतो त्याला त्यांनी जर्मन भाषेत 'प्रेगुंग' हे नाव दिले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल 1973 साली त्यांना, निको टिनबर्गेन व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

हा ठसा केव्हा उमटतो याचे मापन शिकागो विद्यापीठातील एकहार्ड हेस यांनी 1950 नंतर केले. अंधारात उबविलेल्या पिलांना ते वर्तुळाकार वाटेवर सोडीत आणि त्यांच्यापुढे बदकाची एक बोलकी प्रतिकृती फिरवीत. जन्मानंतर 13 ते 16 तासांच्या सुमारास ज्यांना ही संधी मिळाली ती पिले सर्वांत निष्ठेने मागे चालत. दीड दिवस उलटल्यावर मात्र अनोळखी वस्तूची भीतीच प्रबळ ठरे. ही कालमर्यादा हेस यांना वाटली तितकी काटेकोर नाही, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले आहे. तथापि पहिल्या दिवसाचे महत्त्व कायम आहे. ऑक्सफर्ड येथे अँटोन मार्टिन्हो व अ‍ॅलेक्स कॅचेल्निक यांनी 2016 मध्ये याहून नवलाची गोष्ट दाखविली. पिलांना प्रथम एकसारख्या दोन वस्तूंची जोडी दाखविली, तर नंतर ती पूर्वी कधीही न पाहिलेल्या परंतु परस्परांसारख्या असलेल्या वस्तूंच्या जोडीमागे जात. भिन्न वस्तूंची जोडी पाहिलेली पिले भिन्न जोडीमागे जात. 'सारखे' व 'निराळे' हा भेद एवढ्याशा पिलाच्या डोक्यात होता.

आता पुन्हा बागेकडे वळू. पिले वाळून फुगीर झाली की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी मादी घरट्यातून उठते आणि साद घालीत पाण्याकडे चालू लागते. मागोमाग रांग निघते. पाण्यात शिरल्यावरही ही रांग मोडत नाही, आणि तिचा उपयोग केवळ हरवू नये एवढाच नसतो. फ्रँक फिश या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1990 नंतर बदकाच्या प्रतिकृतीमागे वाहत्या पाण्यात पोहणाऱ्या पिलांचा प्राणवायूचा खर्च मोजला. पुढे कोणी पोहत असेल तर मागच्यास श्रम कमी पडतात असे त्यास आढळले. स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये गणिताने त्याचे एक कारण दाखविले. आईमागे योग्य अंतरावर असलेल्या पिलाला तिच्या अंगामुळे उठणारी लाट अडवीत नाही, उलट पुढे रेटते, आणि हा लाभ रांगेत मागेमागे पोचविला जातो.

पहिल्या दोन आठवड्यांत पिले मुख्यतः किडेच खातात. पाण्यावर घोंगावणारी चिलटे, त्यांच्या तळाशी राहणाऱ्या अळ्या, लहान गोगलगायी यांवर ती दिवसभर तुटून पडतात. वाढीसाठी लागणारी प्रथिने त्यांना यांतूनच मिळतात. बिया व पाणवनस्पती यांचा वाटा पुढे वाढत जातो. ताज्या लवीत हवा कोंडलेली असल्यामुळे पिलू बुडत नाही. पण ही लव म्हणजे मोठ्या बदकाचा घट्ट पिसारा नव्हे. थंड पाण्यात किंवा पावसात पिलू लवकर गारठते, आणि मग मादी काठावर बसून सर्वांना पंखांखाली घेते. तळ्यापाशी बसून पाहणाऱ्याने या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. थोडा वेळ चारा, मग थोडा वेळ पंखाखाली ऊब, असा क्रम दिवसभर चालतो. लहानपणी ऊब वारंवार लागते आणि पिले वाढतील तशी तिची गरज कमी होत जाते. वहीत तारीख, वेळ, हवा आणि पिलांची संख्या एवढे लिहीत गेले तरी महिन्याभरात चांगली नोंद तयार होते.

त्या वहीतील पिलांचा आकडा बहुधा खाली खाली येत जातो. अकरांची नऊ होतात, नवांची सहा. मांजर, कोल्हा, उंदीर, कावळा, मॅगपाय, बगळा यांपैकी कोणीही एखादे पिलू उचलतो. एखादी थंड, ओली रात्रही तितकीच घातक ठरते. धोका दिसताच मादी तीव्र स्वर काढते आणि पिले गवतात दडी मारतात. कधी ती पंख मोडल्याचे सोंग करून फडफडत दूर जाते व शत्रूला आपल्या मागे ओढते. तरीही हानी होतेच. पाहणाऱ्याला वाईट वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. पण थोडा हिशेब करावा. जोडप्याने आयुष्यात घातलेल्या सर्व अंड्यांतून सरासरी दोनच पक्षी वाढून पुढे प्रजनन करू लागले तरी जातीची संख्या कायम राहते. सगळीच जगली असती, तर चारपाच वर्षांत तळ्यांवर पाणी दिसले नसते.

मनुष्याच्या हातून होणारी हानी मात्र टाळता येण्यासारखी असते, आणि ती पुष्कळदा दयेपोटीच घडते. लहान तळ्यातील किडे दहा पिलांना फार दिवस पुरत नाहीत. म्हणून काही दिवसांनी, कधी दुसऱ्याच दिवशी, मादी त्यांना घेऊन जमिनीवरून मोठ्या पाण्याकडे निघते. वाटेत भिंती, रस्ते, गटारांच्या जाळ्या लागतात. एखादा सज्जन ही रांग पाहून पिले टोपलीत भरतो; मादी भिऊन उडून जाते, आणि ज्या साखळीवर त्यांचे जगणे अवलंबून होते तीच तुटते. दुसऱ्या एखाद्या मादीच्या कळपात ती सोडून द्यावी म्हटले, तर ती परक्या पिलांना बहुधा चोचीने मारून हाकलते. अशा वेळी फाटक उघडून द्यावे, मांजर-कुत्रे घरात बांधावे, शक्य असल्यास वाहने थांबवावी आणि दूर उभे राहावे. तळ्याच्या बाजू सिमेंटच्या व उभ्या असतील, तर पिले पाण्यात उतरतात पण त्यांना वर येता येत नाही; आई काठावरून साद घालीत राहते आणि ती खाली थकून जातात. एक खरखरीत फळी तिरपी टेकवून ठेवली की हे संकट टळते. पाव टाकणे तर मुळीच हिताचे नाही. त्याने पोट भरते, पण वाढीस लागणारे अन्न मिळत नाही, आणि उरलेला पाव कुजून पाणी नासते.

भारतात हेच दृश्य पाहावयाचे असल्यास हळदी-कुंकू बदकाकडे पाहावे. चोचीचे टोक पिवळे आणि कपाळाशी तांबडे ठिपके, यावरून त्यास हे सुंदर नाव पडले आहे. त्याच्यात नर व मादी जवळजवळ सारखेच दिसतात. पावसाळ्यात व त्यानंतर गावतळ्यांच्या काठच्या गवतात ते घरटे करते आणि मादीमागून पिलांची रांग पाण्यात उतरते. कॉटन टील या नावाने ओळखले जाणारे चिमुकले बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालते. त्याची पिले आईची साद ऐकून थेट खाली उडी घेतात.

मॅलार्डची जी पिले पहिले दोन आठवडे पार पाडतात त्यांची आशा पुष्कळ वाढते. हळूहळू लव जाऊन पिसे येतात, शेवटी पंखांची मोठी पिसे फुटतात, आणि 50 ते 60 दिवसांची झाली म्हणजे ती उडू लागतात. तोवर आईशी असलेले बंधन सैल झालेले असते. तिचीही उडण्याची पिसे आता गळतात आणि काही आठवडे ती वेतांत दडून राहते. हिवाळ्यात जोड्या जमतात. वसंतात बहुधा नर आपल्या मादीमागून जातो, आणि मादी जेथे जन्मली त्याच प्रदेशाकडे परतते. पुढल्या मार्चमध्ये त्या बागेतील तळ्यावर जी तपकिरी मादी उतरते, ती कधी कधी गेल्या वर्षीच्या रांगेतलीच असते.