स्टॅगव्हिल येथील शेतघर व त्याच्या विटा

जुनें घर दिसलें म्हणजे तें कोणाचें, असें आपण विचारितों. तें कोणीं बांधिलें, हें सहसा विचारीत नाहीं. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत, डरॅम शहराजवळ, स्टॅगव्हिल नांवाचें शेतघर आहे. तें पाहतांना मात्र हा दुसरा प्रश्न टाळतां येत नाहीं.

रिचर्ड बेनेहन या व्यापाऱ्यानें तेथें प्रथम एक लहानसें लांकडी घर बांधविलें व १७९९ त त्यास दुमजली भाग जोडविला. पुढें त्याची कन्या कॅमेरून घराण्यांत गेली. १८६० पर्यंत या दोन घराण्यांच्या मालकीची जमीन सुमारें ३०,००० एकर झाली, आणि सुमारें ९०० माणसेंही त्यांच्या मालकीचीं होतीं! येवढ्या धनिकाचें घर म्हणून पाहूं जावें, तर त्यास वाडाही म्हणवत नाहीं.

खरी पाहण्याजोगी रचना थोड्या अंतरावर, हॉर्टन ग्रोव्ह येथें आहे. हीं गुलामांचीं दुमजली घरें १८५१ च्या सुमारास झालीं. प्रत्येक घरांत चार खोल्या व एकेका खोलींत एकेक कुटुंब. घर जमिनीपासून उंच उचललेलें; लांकडी सांगाड्याच्या पोकळींत विटा भरून बाहेरून उभ्या फळ्या ठोकलेल्या, आणि फळ्यांच्या फटींवर पट्ट्या. भिंतींतील विटांमुळें थंडी व उंदीर बाहेर राहत. मालकानें हें दयेनें केलें काय? आजारी मजुराचें काम बुडतें, हा हिशेब त्यांत अधिक असावा, असें आम्हांस वाटतें.

१८६० त याच गुलाम सुतारांनीं १३५ फूट लांबीचें प्रचंड कोठार उभारिलें. त्याच्या छताचा सांगाडा खालून पाहिला तर पालथ्या घातलेल्या गलबताची आठवण होते.

आतां विटांकडे वळूं. त्या तेथल्याच मातीच्या, हातांनीं सांच्यांत घातलेल्या. ओली वीट उचलतांना बोटें रुतत आणि भट्टींत तो ठसा कायम होई. धुराड्यांच्या कांहीं विटांवर असे ठसे आजही स्पष्ट दिसतात. मालकाचें नांव कागदोपत्रीं राहिलें. यांचीं बोटें विटांत राहिलीं.

१८६५ त यादवी युद्ध संपून गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. (तिच्या नाशाबद्दलच जोतीराव फुले यांनीं १८७३ त आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला.) परंतु मुक्त झालेल्यांस जमीन मिळाली नाहीं. त्यांतील पुष्कळ कुटुंबें पिकाच्या वांट्यावर तीच शेतें कसूं लागलीं, आणि रात्रीं त्याच खोल्यांत निजूं लागलीं.